निर्गमनकथा : संस्थेत वाढून बाहेर पडणाऱ्या किशोरांचे साहित्य

आईवडिलांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांविषयीच्या किशोरसाहित्याचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग प्रवेशकथांचा. लूसी मॉड माँटगोमेरी यांच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) या कादंबरीत शेतकामाला मुलगा हवा असलेल्या वयस्क बहीणभावांकडे चुकून मुलगी पाठवली जाते, आणि ते तिला ठेवून घेतील का, या प्रश्नावर कथा उभी राहते. दुसरा वर्ग निवासकथांचा. कॅथरीन पॅटर्सन यांची गिली हॉपकिन्स (१९७८) एका प्रतिपालक कुटुंबातून दुसऱ्यात जात राहते. जॅकलीन विल्सन यांची ट्रेसी बीकर (१९९१) बालगृहात बसून आपली हकिगत आपणच लिहिते. तिसरा वर्ग निर्गमनकथांचा, म्हणजे वय भरल्यामुळे संस्था सोडावी लागणाऱ्या तरुणांच्या कथांचा. प्रस्तुत लेखाचा रोख याच वर्गाकडे आहे.

या वर्गातील जुना आणि आजही वाचनीय नमुना म्हणजे जीन वेबस्टर यांची ‘डॅडी-लाँग-लेग्ज’ (१९१२). अनाथालयातील सर्वांत मोठी मुलगी जेरुशा ॲबट हिचे आडनाव टेलिफोनच्या यादीतून आणि नाव एका थडग्यावरून घेतलेले असते. एक अज्ञात विश्वस्त तिला महाविद्यालयात पाठवतो. अट एवढीच की तिने दरमहा पत्र लिहावे. कादंबरीचा शेवट फार सोयीचा आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु सहाध्यायिनींना लहानपणापासून ठाऊक असलेल्या साध्या गोष्टी आपल्याला कोणी सांगितल्याच नाहीत, ही जेरुशाची ओशाळलेली जाणीव लेखिकेने अचूक टिपली आहे.

महाराष्ट्रात निराधार बालकांसाठीच्या संस्थात्मक कार्याची परंपरा महात्मा फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहापर्यंत मागे जाते. अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केले आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना आश्रय दिला. याच शहरात १९८९ मध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी ‘स्नेहालय’ स्थापन केले. देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांपासून सुरू झालेले हे कार्य पुढे एचआयव्हीबाधित बालकांपर्यंत विस्तारले. येथील मुलाची गोष्ट जेरुशाच्या गोष्टीहून मुळातच वेगळी ठरते, कारण त्याची आई पुष्कळदा हयात असते, त्याच गावात असते आणि भेटायलाही येते. अठराव्या वर्षी त्याने कोणाकडे जायचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट अधिक गुंतागुंतीचा होतो.

मराठीत या विषयाचे बळ किशोरकादंबरीपेक्षा आत्मकथनात अधिक आढळते. पंढरपूरच्या बालकाश्रमात जन्मलेले, पुढे कोल्हापूरच्या रिमांड होममध्ये वाढलेले आणि प्राचार्यपदापर्यंत पोहोचलेले डॉ. सुनीलकुमार लवटे यांचे ‘खाली जमीन, वर आकाश’ आणि इंदुमती जोंधळे यांचे ‘बिनपटाची चौकट’ ही या प्रकारातील महत्त्वाची पुस्तके होत. आत्मकथनाला मात्र एक अंगभूत मर्यादा असते. ते लिहिणारी व्यक्ती तगलेली आहे, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. भाड्याच्या खोलीत पहिली रात्र काढणाऱ्या, पुढे काय होईल याचा पत्ता नसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला कादंबरी तिथेच थांबून पाहू शकते.

अशा कादंबरीला लागणारी चौकट कायद्यातच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४४ प्रतिपालकत्वाविषयी आहे. दत्तकविधानाने मूल कायद्याने त्या कुटुंबाचे होते; प्रतिपालकत्वात बालकल्याण समिती त्याला काही काळ कुटुंबाकडे सोपवते आणि देखरेख ठेवते. कलम ४६ अनुरक्षणाचे आहे : या कायद्याच्या आदर्श नियमांनुसार अठरा ते एकवीस वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत साहाय्य. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि २०१८ पासून अनाथांना शासकीय नोकरी व शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. जन्मनोंद नसलेल्या मुलाने ते मिळवण्यासाठी घातलेले हेलपाटे हा एका प्रकरणाचा नव्हे, अख्ख्या कादंबरीचा ऐवज आहे. फॉर्मवरचा ‘वडिलांचे संपूर्ण नाव’ हा रकाना, दिवाळीच्या सुट्टीत रिकामे होणारे कॉलेजचे वसतिगृह, घरमालकाने विचारलेले ‘गाव कोणते?’, हे प्रसंग परदेशी कादंबऱ्यांत सापडायचे नाहीत.

अनौपचारिक प्रतिपालकत्व तर अहिल्यानगर जिल्ह्यात घरोघरी दिसते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, आणि मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे, मामाकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांची नोंद कोणत्याही समितीकडे नसते. अठरावे वर्ष त्यांच्या बाबतीत कायद्याने येत नाही, बहुधा हाती कोयता आला की येते.

या साहित्याचा उपयोग शिक्षक आणि समुपदेशक यांना आहेच. अधिक उपयोग संस्थेतील अधीक्षकांना व्हावा. आदर्श नियमांनुसार मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढील आराखडा समितीपुढे ठेवायचा असतो. बँकखाते, स्वयंपाक, दवाखाना, भाडेकरार आणि एकटेपणा हे सारे शिकायला दोन महिने अपुरे आहेत. सोळाव्या वर्षी, नववी-दहावीच्या सुट्टीत, निर्गमनकथा मुलांच्या हाती पडल्या तर या तयारीची बोलणी वेळेत सुरू करता येतील.