आठवीआधीचा निर्णय : मुलींच्या माध्यमिक शाळेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दौंड आणि शिरूर तालुक्यांतील खेड्यांत मुलीच्या माध्यमिक शाळेचा विचार बहुधा प्राथमिक शाळेचे वर्ग संपल्यावर, किंवा दहावी तोंडावर आल्यावर सुरू होतो. तोवर निर्णयातला महत्त्वाचा भाग हातातून निसटलेला असतो, कारण शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण, खाजगी शाळांतील राखीव जागा आणि केंद्र सरकारची एक मोठी शिष्यवृत्ती या तिन्हींचा संबंध आठवी इयत्तेशी आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या मध्ये असलेल्या खुटबावसारख्या गावातील पालकासमोर वरकरणी पर्याय पुष्कळ दिसतात. त्या पर्यायांमागे कोणते हक्क येतात आणि कोणते सुटतात, याविषयी मात्र अनेक समज रूढ आहेत.

पहिला गोंधळ ‘सरकारी शाळा’ या नावापासूनच सुरू होतो. जिल्हा परिषदेची शाळा सरकारी आणि संस्थेची शाळा खाजगी, अशी सरसकट विभागणी बोलताना केली जाते. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाचा भार मुख्यतः जिल्हा परिषदेने आणि माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी शिक्षणसंस्थांनी उचललेला असून, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. अशा संस्थेची शाळा अनुदानित असेल, म्हणजे तेथील मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन शासन देत असेल, तर विद्यार्थिनीच्या हक्कांच्या दृष्टीने ती सरकारी शाळेच्याच रांगेत बसते. अंशतः अनुदानित शाळेला ठरावीक टक्केच अनुदान मिळते, विनाअनुदानित शाळेला ते मिळत नाही आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा तर २०१२ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार स्वतःच्या बळावर चालण्याच्या अटीवरच परवानगी घेते. म्हणून ‘शाळा सरकारी की खाजगी’ या प्रश्नाने फारसे काही कळत नाही. ‘आठवी ते दहावीच्या या तुकडीला अनुदान आहे का’ असे विचारावे लागते, कारण एकाच इमारतीत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. पालकसभेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शिक्षणहक्क कायद्यामुळे दहावीपर्यंतचे शिक्षण मोफत झाले, हा दुसरा समज. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला हा कायदा ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. मोफत पाठ्यपुस्तके आणि शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. मुलींसाठी मात्र महाराष्ट्रात बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ करण्याचे धोरण त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकातच स्वीकारले गेले. त्यामुळे अनुदानित शाळेतील मुलगी नववीत गेली तरी तिच्यावर शिक्षणशुल्क येत नाही. वह्या, गणवेश आणि मंडळाचे परीक्षा शुल्क यांचा खर्च उरतो. याउलट, खाजगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्या मुलीचे पालक ‘आता दहावीपर्यंत चिंता नाही’ असे धरून चालतात, आणि नववीच्या पहिल्याच दिवशी शुल्काचा तक्ता त्यांच्या हातात पडतो. ही शाळेची फसवणूक नव्हे. त्या राखीव जागेची मुदतच कायद्याने आठवीपर्यंत आहे.

याच ठिकाणी तिसरी गोष्ट येऊन मिळते, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जी शाळांमध्ये एनएमएमएस या आद्याक्षरांनीच ओळखली जाते, तिच्यासाठी आठवीत परीक्षा होते. राज्यात ही परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे, ही अट बहुतेकांना ठाऊक असते. विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावा, ही दुसरी अट ठाऊक नसते. अल्पभूधारक शेतकऱ्याची किंवा गुऱ्हाळावर राबणाऱ्या मजुराची हुशार मुलगी केवळ विनाअनुदानित शाळेच्या पटावर असल्यामुळे या परीक्षेला बसू शकत नाही, मग तिचे घर कितीही गरीब असो. राखीव जागेतून शिकणारी मुलगी तर दोन्हीकडून नाडली जाते, कारण आठवीत तिला शिष्यवृत्तीची दारे बंद असतात आणि नववीत शुल्क सुरू होते. म्हणून अशा मुलीची शाळा बदलायचीच असेल, तर ती सातवीच्या अखेरीस बदलणे व्यवहाराला धरून आहे. नववीत बदलली तर शिष्यवृत्तीची संधी आधीच गेलेली असते.

शाळेच्या कमानीवर झळकणाऱ्या ‘१०० टक्के निकाल’ या फलकाचा अर्थही नीट लावावा लागतो. शेकडा निकाल परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढला जातो. जे परीक्षेपर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांची नोंद त्यात नसते. समजा, एखाद्या शाळेत आठवीच्या पटावर ६० मुली होत्या, दहावीला ४५ बसल्या आणि त्या सर्व उत्तीर्ण झाल्या, तर फलकावर १०० टक्के लागतील. मधल्या १५ जणींपैकी कोणी दुसऱ्या शाळेत गेली, कोणाचे लग्न झाले, कोणाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितले, हे फलक सांगणार नाही. (१७ नंबरचा फॉर्म म्हणजे नियमित विद्यार्थी नसलेल्या, खाजगीरीत्या परीक्षा देणाऱ्या उमेदवाराचा अर्ज.) शिवाय मुलींच्या बाबतीत शेकडा उत्तीर्णता हा शाळांमध्ये फरक करण्याचा निकष म्हणून आता फारसा उपयोगी राहिलेला नाही. दहावीच्या परीक्षेत राज्यातील मुलींचा निकाल २०२४ मध्ये ९७.२१ टक्के आणि २०२५ मध्ये ९६.१४ टक्के होता, मुलांचा अनुक्रमे ९४.५६ आणि ९२.३१ टक्के. जवळजवळ सगळ्याच मुली उत्तीर्ण होत असतील, तर आठवीतल्या किती मुली दहावीला बसल्या आणि दहावीतल्या किती अकरावीत गेल्या, हे दोन आकडे मुख्याध्यापकांकडून मागून घेणे अधिक उद्बोधक ठरते.

माध्यमाविषयीचे गैरसमज सर्वांत चिवट आहेत. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला पुढे विज्ञान शाखा झेपत नाही, असे सर्रास म्हटले जाते. परंतु राज्य मंडळाच्या अनेक अनुदानित शाळांत सेमी इंग्रजीची सोय आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व उरलेले विषय मराठीतून शिकवले जातात, आणि वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मराठीतूनही देता येते. अकरावी-बारावी विज्ञानाचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून होते, हे खरे. त्यामुळे संज्ञांचा सराव आधीपासून हवा, एवढाच या आक्षेपातला ग्राह्य भाग. नावात ‘इंटरनॅशनल’ असणे आणि शाळा केंद्रीय मंडळाशी संलग्न असणे, यांचा परस्परसंबंध नाही. संलग्नता मंडळाच्या नोंदीतून आणि मान्यता शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकावरून तपासता येते.

केंद्रीय मंडळाचीच ओढ असेल, तर त्यासाठी शुल्क मोजावेच लागते असेही नाही. पुणे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे असून ते निवासी आहे. तेथील ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखीव असतात. मात्र मुख्य प्रवेश पाचवीत दिलेल्या परीक्षेवरून सहावीत होतो, आणि नववीतील काही विद्यार्थ्यांना एक वर्ष दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवले जाते, ही बाब मुलीच्या पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी समजून घेतलेली बरी.

‘लांबची शाळा परवडत नाही’ हे म्हणणे पैशांपुरते तितकेसे खरे नाही. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून घर ते शाळा एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि रेल्वेतही मुलींना पदवीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था या मार्गावर द्वितीय वर्गाचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद आहे. केडगाव, यवत किंवा दौंडला शिकू इच्छिणाऱ्या खुटबावच्या मुलीला हा दुसरा लाभ विशेष सोयीचा असूनही त्याची वाच्यता कमी आहे. खरी अडचण भाड्याची नसते, वेळेची असते. शाळा साडेपाचला सुटून गाडी सातला असेल, तर मधला दीड तास मुलगी कोठे थांबते आणि थंडीच्या दिवसांत स्थानकापासून वस्तीपर्यंत उसाच्या रानातून अंधारात कोणासोबत येते, यावर तिची नववी-दहावी टिकते. रोजच्या गाडीचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय शाळा ठरवू नये.

मुलींचीच शाळा आपोआप सुरक्षित असते, या समजामागे मोठा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यात आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुटबावच्या शेजारच्या केडगावी आले. ज्यांना घरात किंवा गावात आसरा उरला नव्हता, अशा स्त्रिया व मुलींसाठी ती वेगळी चौकट आवश्यकच होती. आज सुरक्षिततेची हमी व्यवस्थेतून मिळते, आणि ती व्यवस्था मिश्र शाळेतही तपासता येते. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासनाचा २०२२ चा आदेश आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न कळवणारा संस्थाप्रमुख शिक्षेस पात्र ठरतो. समितीतील सदस्यांची नावे भिंतीवर आहेत का आणि तक्रारपेटी कोण, किती दिवसांनी उघडते, हे विचारावे. स्वच्छतागृह ‘आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. दाराला आतून कडी आहे का, नळाला दुपारीही पाणी येते का, हे आईने एकदा शाळा भरलेली असताना जाऊन पाहणे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाचे.

शेवटचा गैरसमज शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. जुन्या शाळेने दाखला अडवला की वर्ष वाया जाते, या धास्तीने अनेक पालक नको असलेल्या शाळेतच मुलीला ठेवतात. ऊसतोडीसाठी किंवा गुऱ्हाळांच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुलींचा प्रवेशही याच कारणाने लांबतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या विद्यार्थिनीला शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे आणि तो येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दाद मागायची असल्यास दौंडच्या पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.