गोठ्यातलं जीवशास्त्र

ढग जिवंत आहे का, असं पाच वर्षांच्या मुलाला विचारलं तर पुष्कळदा ‘हो’ असं उत्तर येतं, कारण ढग चालतो. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशी उत्तरं गोळा करून 1926 साली त्यांवर पुस्तक लिहिलं. आधी काहीतरी काम करतं ते जिवंत, मग हलतं ते, मग आपणहून हलतं ते आणि फार उशिरा फक्त प्राणी-झाडं, असा क्रम त्यांनी लावला. 1985 मध्ये अमेरिकेच्या सुझन केरी यांनी मांडलं, की लहान मुलं प्राण्यांचा विचार माणसावरून करतात आणि जीवशास्त्राची वेगळी समज साधारण दहाव्या वर्षी येते.

गंगापूर तालुक्यातल्या मुलांना हे कितपत लागू पडतं? गोदाकाठच्या कायगावकडं किंवा आतल्या कोणत्याही वस्तीवर पोरं शाळेत जायच्या आधी शेळी व्यालेली पाहतात. करडू धडपडत उठतं, आचळ शोधतं. घरातली म्हातारी जार पडेपर्यंत हलत नाही, म्हणून पोरही तिथंच बसून राहतं. मक्याचा पोंगा उलगडला की भुशासारखी विष्ठा दिसते, तिच्याखाली लष्करी अळी. डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी खूण, शेपटीकडं चौकोनात चार ठिपके. ही अळी मातीत कोष करते आणि पतंग होऊन बाहेर येते. खाणं, विष्ठा, वाढ, रूपांतर, सगळं एका पोंग्याभोवती.

अशा अनुभवाने विचार बदलतो, याचे पुरावे पुढे मिळाले. जपानच्या कायोको इनागाकी यांना 1990 मध्ये आढळलं, की घरी सोनमासा पाळणारी पाच वर्षांची मुलं बेडकाबद्दलही माशावरून नेमका अंदाज बांधतात. 2003 मध्ये नॉर्बर्ट रॉस, डग्लस मेडिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतली शहरी, खेड्यातली आणि मेनोमिनी आदिवासी मुलं तपासली. माणसाला केंद्रात ठेवण्याची सवय सर्वांत होती, असं दिसलं नाही. खेड्यातली आणि मेनोमिनी मुलं तर कोण काय खातं, कोण कुठं राहतं, अशा नात्यांवरूनही विचार करत होती. केरींचा निष्कर्ष बऱ्याच अंशी शहरी बालपणाचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अनुभवाचं हे महत्त्व कृतीतून ओळखलं होतं. 1945 साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडला गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरली. गुरं चरतील तिथं शाळा, आणि भोवतालची पानं, बिया, किडे हाच धडा.

मात्र गावच्या अनुभवातून सगळं आपोआप कळत नाही. झाडाला जीव आहे हे मुलांना प्राण्यापेक्षा उशिरा पटतं. कोरडं बी तर मेलेलंच वाटतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1996 मध्ये सजीव-निर्जीव आणि वनस्पती यांविषयीच्या मुलांच्या कल्पनांवर अहवाल काढले. मूल आधीपासून काय मानतं, ते विचारल्याशिवाय शिकवू नये, हा धडा शिक्षकांनी त्यांतून घ्यावा. तिसरीच्या परिसर अभ्यासाची सुरुवात व्याख्येने करण्याऐवजी ‘तुमच्या गोठ्यात काय झालं?’ या प्रश्नाने करावी.

दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याची पेरणी चालू असते. त्यातले चार दाणे आणि चार फुटाणे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधा आणि मुलांनाच रोज उघडून बघू द्या. कशाला मोड येतील, हे आधी त्यांना विचारा आणि त्यांचं उत्तर, चुकीचं असलं तरी, पूर्ण ऐकून घ्या.