कोक भट्टीला थंडीचं भय

स्मृति नगरात राहा की भिलाईच्या दुसऱ्या टोकाला, पोलाद कारखान्याची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. मला मात्र खरं अप्रूप आहे ते या भट्टीला कोक पुरवणाऱ्या कोक भट्ट्यांचं. त्यांच्या भिंती सिलिकाच्या विटांच्या. अशा भट्ट्यांची नवी रांग, म्हणजे बॅटरी, तापवायला दोन-अडीच महिने लागू शकतात, आणि एकदा तापली की वर्षानुवर्षं तिला निवू देत नाहीत.

कारण अणूंच्या मांडणीत आहे. सिलिकात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजनची चौकडी असते आणि प्रत्येक ऑक्सिजन शेजारच्या चौकडीशीही जोडलेला असतो. चौकडी भलती मजबूत. उष्णतेनं बदलतात ते दोन चौकड्यांमधले कोन. या विटांचा कच्चा माल असलेली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ५७३ अंश सेल्सिअसला पोचली की एकही बंध न तुटता साऱ्या चौकड्या एकदम किंचित वळतात. कवायतीत जवानांनी पाऊल न हलवता मान वळवावी तशा. स्फटिक झटक्यात फुगतो, निवताना तसाच आक्रसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांनी हा बदल १८८९ मध्ये नोंदवला.

८७० अंशांवर ट्रिडिमाइट आणि १४७० अंशांवर क्रिस्टोबलाइट ही सिलिकाची रूपं स्थिर असतात. ती मिळवायला मात्र बंध तोडून नव्यानं जुळवावे लागतात. ते काम फार रेंगाळतं, म्हणून विटेच्या मिश्रणात थोडा चुना घालतात. भाजताना घनता २.६५ वरून २.३ च्या आसपास उतरते, म्हणजे वीट बरीच फुगते. ही फुगवण वीट भाजतानाच उरकलेली बरी. गारगोटी शिल्लक राहिली, तर ती पुढे भिंतीत फुगत राहते.

नवी रूपं निवताना पुन्हा गारगोटी होत नाहीत, पण त्यांचीही स्वतःची वळणं असतात: ट्रिडिमाइटची ११७ आणि १६३ अंशांना, क्रिस्टोबलाइटचं साधारण २०० ते २७० अंशांदरम्यान. म्हणजे हजार अंशांना ही भिंत निश्चिंत असते. सहाशेच्या वर तिचं आकारमान फारसं हलत नाही. सगळा धोका त्याखाली. तापवण्याचे महिने मुख्यतः याच टप्प्यात जातात.

म्हणून भेग पडली तरी भिंत गरम ठेवूनच बुजवतात. सिरॅमिक वेल्डिंगमध्ये सिलिकाच्या कणांबरोबर सिलिकॉनची पूड ऑक्सिजनच्या झोतात भेगेवर मारतात. पूड पेटते, आणि जळून तिचंही सिलिकाच होतं.