कामाची यादी आणि कामाचे उद्दिष्ट



नगर शहरात विडी वळणाऱ्या एखाद्या भगिनीस "आज काय साधायचे?" असे विचारले, तर ती म्हणेल, "हजार." मजुरी हजारावर मिळते, म्हणून हजार. हा आकडा झाला, त्याला उद्दिष्ट म्हणता येत नाही. आजचा विषय या दोहोंतील फरकाचा आहे.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुले पुण्याला संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या कामावर आहेत. तेथे काम लहान लहान मुदतींत वाटतात. अशा मुदतीस 'स्प्रिंट' म्हणतात. ती एक महिन्याच्या आतली असते, पुष्कळदा पंधरवड्याची. ही 'स्क्रम' नावाची पद्धत केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 साली जाहीरपणे मांडली. तिचा एक नियम असा की, प्रत्येक मुदतीला एकच उद्दिष्ट असावे आणि ते आरंभीच्या बैठकीत सर्व मंडळींनी मिळून ठरवावे. उद्दिष्टच निरर्थक ठरले, तर ती मुदत मध्येच रद्दही करता येते.

प्रत्यक्षात होते काय? "नऊ पडदे करा, अकरा चुका काढा," अशी यादी होते आणि तिलाच उद्दिष्ट म्हणतात. ही हजार विडीचीच तऱ्हा झाली. समजा, काम बाजार समितीसाठी आहे. मग उद्दिष्ट असे हवे : "कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याला त्याची हिशेबपट्टी त्याच दिवशी मोबाईलवर मिळावी." यात लाभ कोणाचा ते कळते. साधले की नाही, हे एका शेतकऱ्याला विचारून ठरवता येते. शिवाय दिवस अपुरे पडले, तर काय सोडावे हेही कळते. पडद्याचा रंग पुढे ढकलता येईल, वजन आणि भाव यांचा मेळ मात्र बसलाच पाहिजे.

परंतु उद्दिष्ट चांगले असूनही शक्तीबाहेरचे असू शकते. ही गोष्ट आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजारने उत्तम जाणली. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1994 साली आदर्श गाव योजनेत आलेल्या या गावाने पाणी अडवले, आणि तेवढ्यावर न थांबता पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस मोजायचा, उपलब्ध पाणी ठरवायचे, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढायचे आणि उरल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी, तर पिकांचा बेतही आखूड. आधी माप, मग संकल्प, आणि संकल्प सर्वांसमक्ष! पंधरवड्याचे काम ठरवतानाही कोण रजेवर आहे, मागचे किती उरले आहे, याचा असाच ताळेबंद आधी मांडला पाहिजे.

माझी स्वतःची चूक सांगतो. तरुणपणी एका कारखान्यात आम्ही तेवीस मागण्यांची सनद दिली. वाटाघाटीत मालकाने सतरा किरकोळ मागण्या हसत मान्य केल्या. बदली कामगारांना कायम करण्याची मुख्य मागणी मात्र तशीच राहिली. आम्ही सतरा मोजून गुलाल उधळला. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बदली कामगारांनी गुलाल लावून घेतला नाही. यादी कशी फसवते, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे आहे. वरून उतरलेला आकडा, ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, तो उक्त्या कामाचा ठेका होय. त्याला नवे इंग्रजी नाव दिल्याने त्याची जात बदलत नाही. पुढच्या बैठकीत यादी हाती येईल, तेव्हा शांतपणे दोन प्रश्न विचारा : हे झाल्यावर कोणाचे कोणते अडलेले काम सुटेल? आणि एवढे आपल्याने होईल, हे आपल्यापैकी कोणी मोजले आहे? उत्तर मिळेपर्यंत यादीवर मान डोलावू नका.