घरकुलांच्या ओळीतली दारू

आमच्या घरकुलांच्या ओळीत भिंतीला भिंत लागून आहे. दारू कोणाच्या घरी विकली जाते हे शोधायला पोलिसांची गरज नाही, शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. अडचण येते ती तोंड उघडायच्या वेळी.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी दारू येते, दोन वाटांनी. जंगलात नाल्याकाठी मोहफुलं आंबवून केलेला सडवा पुरून ठेवतात. भट्टीला सरपण हवं, वाफ थंड करायला पाणी हवं, ते तिथे फुकट. दुसरी वाट वैनगंगेपलीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातून. चंद्रपूरच्या बायका २०१० साली सामाजिक कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामींसोबत चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ला तिथे बंदी आली. २०२१मध्ये सरकारने ती उठवली. बंदीमुळे अवैध दारू आणि गुन्हे वाढले, असं सरकारचं म्हणणं. मला हे कधीच पटलं नाही. बंदी असतानाच, नोव्हेंबर २०१८मध्ये, नागभीडकडे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना दारू तस्करांच्या गाडीने चिरडलं. बंदीमुळे जीव गेला म्हणणारे आजही भेटतात. जीव तस्करांनी घेतला!

आमच्याकडे धाड पडली की पंच म्हणून सही कोणी करायची, इथेच घोडं अडतं. विकणारी शेजारीणच, तिचं लेकरू आमच्या लेकरांसोबत अंगणवाडीत. पुष्कळदा ती विधवा असते आणि माल तिचा नसतोच. दारूची पेटी रात्री आणून देणारा वेगळा. गुन्हा दाखल होतो तिच्यावर.

२०१६ला राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. बंग यांच्या 'सर्च' संस्थेने मुक्तिपथ हे व्यसनमुक्तीचं अभियान सुरू केलं, तेव्हापासून गावोगावी संघटना उभ्या राहिल्या. आमच्या संघटनेतल्या आम्ही बायका आधी विकणारीच्या घरी जाऊन समजावतो. ऐकलं नाही तर सगळ्याजणी मिळून सडवा शोधतो, पोलिसांना बोलावतो, मग ओततो. सही दोघींची असली तरी बाकीच्या अंगणातून हलत नाहीत, म्हणजे राग एकीवर निघत नाही.

पिणाऱ्यांचंही पाहावं लागतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात. कधी जीवही जातो. त्याला घरात कोंडू नये, डॉक्टरकडे न्यावं. मुक्तिपथचं क्लिनिक तालुक्याला आहे.

आता आम्ही पेटी आणणाऱ्या मोटारसायकलचा नंबर लिहून ठाण्यात देतो. विकणारीच्या आधी त्याच्यावर गुन्हा दाखल करा, एवढंच आमचं मागणं आहे.