आजींनाही चालणारे कॅनेलोनी

इटलीचे कॅनेलोनी नातवंडांना प्रिय; पण शाकाहारी आजी मात्र वेगळ्या जेवतात. त्यांची शंका रास्त आहे, कारण पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रसाने विरजतात. म्हणून आम्ही घरचे पनीर वापरतो.

१ लिटर दूध उकळून लिंबू पिळावे व फाटलेले दूध फडक्यात गाळावे. त्यात वाफवून घट्ट पिळलेला जुडीभर पालक, मीठ, मिरपूड मिसळून सुमारे १० कोरड्या नळ्यांत भरावे. नळ्यांत अंडे नाही ना, हे पाकिटावर पाहावे. त्या उकडू नयेत. मात्र टोमॅटोची पातळ रुगाय त्यांवर पूर्ण ओतावी, नाहीतर त्या कडक राहतात. झाकून १८० अंशांवर ४० मिनिटे भाजावे.

मग तिन्ही पिढ्या एकाच पंगतीला बसतील.