गल्ल्याच्या अलीकडून

पहाटे ५
भिलाई स्टील प्लांटची पहिली पाळी सहाला लागते. त्यामुळे हुडकोतल्या आमच्या जनरल स्टोअरचं शटर पाचलाच वर जातं आणि पावणेसहापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. मे महिना आहे, म्हणून काउंटरजवळच्या फळीवर ओआरएसची पाकिटं, ग्लुकोज पावडर, लिंबाच्या गोळ्या. फर्नेसकडे ड्यूटी असलेला माणूस काय मागणार, हे तो स्कूटर स्टँडला लावतो तेव्हाच ठाऊक असतं. जूनमध्ये हाच माल मागे जाईल आणि पुढे मच्छर अगरबत्ती व प्लॅस्टिकच्या टोप्या येतील.

ही फळी मी गेममध्येही पाहिली आहे. नणंदेचा मुलगा सुट्टीत आला की माझ्या फोनमध्ये जपानी खेळ भरून जातो. त्यांतलं बाकीचं मला फारसं झेपत नाही, पण दुकान आलं की मी थांबते. १९८६ सालच्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राजा नायकाला १२० मोहरा देऊन मोहिमेवर धाडतो. जवळच्याच गावात मशाल ८ मोहरांना आणि जखमेवरचा पाला २४ ला. मशाल विकायला ठेवली आहे, म्हणजे आसपास अंधारी गुहा असणार. ‘पोकेमॉन’मध्ये विरिडियन गावच्या दुकानात विषावरचा उतारा १०० ला मिळतो, कारण गावाबाहेरच्या रानात विषारी अळ्या आहेत. पुढे काय वाट्याला येणार, हे कुणी सांगण्याआधी दुकानातल्या मालावरून कळतं. हे खेळ बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी वाण्याच्या दुकानात नीट उभं राहिलेलं असणार, असं मला पक्कं वाटतं.

७
दूध, ब्रेड, पोहे, पुन्हा दूध.

साडेनऊ
डिस्ट्रिब्यूटरचा सेल्समन येतो. डझनावर एक फुकट, दोन पेट्या घेतल्या तर डिस्प्लेचं स्टँड. मी आधी तारखा बघते. बिस्किटांचा जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे सारायचा. उंदरानं कुरतडलेली पाकिटं वेगळी काढायची, ती परत घेतील की नाही यावर वाद घालायचा. दुकानदारी म्हणजे बरीचशी हीच कटकट. गेममधल्या दुकानात ती औषधालाही नाही. तिथला पाला सुकत नाही, माल संपत नाही. ९९ बाटल्या मागा, गडी ९९ काढून देतो, वर सुट्ट्यांची तक्रार नाही.

शिवाय तो सगळं विकतही घेतो. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये, ‘फायनल फँटसी’मध्ये, ‘पोकेमॉन’मध्ये साधारण अर्ध्या भावात. वापरलेली तलवार, फाटकं चिलखत, काहीही. आमच्याकडे ती दोन माणसं आहेत: विकायला मी आणि गल्लीत आरोळी देत फिरणारा कबाडी. गेमवाल्यांनी दोघांना एका काउंटरमागे उभं केलं आणि पगार वाचवला.

१२
रस्ता तापलाय. गिऱ्हाईक नाही, कूलरची घरघर आहे. आता फोन.

सध्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’ चाललंय. मूळ खेळ १९९०चा. त्याचा तिसरा अध्याय आहे टॉर्नेको नावाच्या जाड्या दुकानदाराचा, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेत याच्याएवढं धाडसाचं काही नाही. तोवर दोन अध्यायांत एक शिपाई आणि एक राजकन्या खेळवून झालेली असते. आता सकाळ होते, बायको डबा हातात देते, आणि हा गडी लाकानाबा गावातल्या शस्त्रांच्या दुकानात नोकरीला जातो. नोकर, मालक नव्हे. काउंटरमागे उभं राहायचं. गिऱ्हाईक येतं, अमुक हत्यार हवं म्हणतं, हो म्हणायचं. पुढचं येतं. संध्याकाळी मालक पैसे देतो, घरी जायचं, झोपायचं. सकाळी पुन्हा डबा.

भाचा वैतागला होता. “मामी, यात काहीच होत नाही. गुहेत जा ना!” मी मुद्दाम नोकरीच करत राहिले. जी माणसं इतर खेळांत झटक्यात आत येऊन औषध घेऊन पसार होतात, ती इथं काउंटरच्या पलीकडे एकेक करून उभी राहतात. आधीच्या भागांत आपणच तसे शिरलो होतो, दुकानदाराकडे न बघता. युजी होरी या लेखकानं एका अध्यायापुरतं खेळणाऱ्याला गल्ल्याच्या अलीकडे आणलं, त्यातला कंटाळाही काढून टाकला नाही.

पुढे टॉर्नेको एंडोर शहरात ३५,००० मोहरांना स्वतःचं दुकान घेतो. आणि मग? मग तो हिंडायला जातो. दुकानावर बायको बसते, नेता तिचं नाव. तो माल आणून टाकतो, ती विकते, आणि त्याला दुसऱ्या दुकानात मिळाला असता त्याहून जास्त भाव मिळवते. त्या पैशांतून ६०,००० देऊन तो बोगदा खणवतो. १९९३ साली त्याच्या नावाचा वेगळा खेळही निघाला, भुयारांत भटकण्याचा. दुकान चालवलं नेतानं, नाव झालं टॉर्नेकोचं. यावर मी भाच्याला बराच वेळ ऐकवलं; त्याचं लक्ष कैरीच्या फोडींकडे होतं.

दीड
आमच्या यांची या आठवड्यात दुसरी पाळी. डबा भरून दिला. दोनला पाळी बदलते, म्हणजे आता परतणाऱ्यांची गर्दी: थंड पाणी, कांदे, साबण, मुलांसाठी काहीतरी.

४
कुरिअरवाला चार खोकी ठेवून जातो. घरं बंद असली की पार्सलं दुकानात ठेवायची, ही इथली रीत. त्याचा एक रुपया कुणी देत नाही. ‘पोकेमॉन’मध्ये तर याहून कहर आहे. विरिडियनच्या दुकानात पाऊल टाकताच दुकानदार विचारतो, तू पॅलेट गावचा ना? आणि प्रोफेसर ओकचं पार्सल त्या पोराच्या हातात देतो. ते पोचवून येईपर्यंत पोकेबॉल विकत मिळत नाही. मला हा दुकानदार एकदम आपला वाटतो. गिऱ्हाइकाच्या गावावरून त्याला कामाला लावायचं, हे आम्हीही करतो.

७
उधारीची वेळ. दुकान काढलं सासऱ्यांनी, प्लांटमधून निवृत्त झाल्यावर. ते नागपूरकडून आलेले. १९५६पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभारही नागपूरहूनच चाले, त्यामुळे त्यांना हा मुलूख परका वाटला नाही. गिऱ्हाइकांशी बोलणं हिंदी-छत्तीसगढीत, वही मात्र मराठीत, आणि ती अजून तशीच आहे. “भाभी, लिख लेना,” एवढ्यावर महिन्याचं वाणसामान जातं. ओळखीच्या एकाही गेममध्ये नायकाला उधार मिळालेलं मी पाहिलेलं नाही. तो जग वाचवायला निघालेला असला तरी खिशात मोहरा नसतील तर मशाल नाही. मी अशा माणसाला नक्की दिली असती. बुडाली तर बुडाली.

कर्ज एका गेममध्ये आहे, पण दुकानदाराच्या डोक्यावर. ‘रेसेटीयर’, जपानात २००७चा, इंग्रजीत २०१०चा. रेसेटचा बाप पराक्रम गाजवायला गेला आणि बेपत्ता झाला. मागे कर्ज ८,२०,००० पिक्स. वसुलीला आलेली परी पोरीला घरातच दुकान काढायला लावते. पहिला हप्ता १०,०००, मग ३०,०००, ८०,०००, २,००,०००, शेवटी ५,००,०००. दिवसाचे चार भाग: दुकान उघडलं तर एक खर्च होतो, बाजारात माल बघायला गेलं की दुकान बंद. हे गणित ज्यानं मांडलं त्याला माझा नमस्कार. फक्त घासाघीस तिथं मजेची आहे. गिऱ्हाइकाचा खिसा ओळखून भाव वर न्यायचा. छोट्या मुलीकडून कमी, बड्या माणसाकडून जास्त. इथं पाकिटावर एमआरपी छापलेली असते. त्याच्या वर जाता येत नाही, आणि खाली यायला सगळेच सांगतात.

१०
दुसरी पाळी सुटली. शेवटची गर्दी: सिगारेट, अंडी, उद्याचं दूध आहे का. हे सव्वादहाला येतील. ओआरएसची पाकिटं संपत आली आहेत. सेल्समनला रात्रीच मेसेज टाकला, दोन पेट्या, आणि या वेळी ते स्टँड नको म्हणून लिहिलं. त्यानं दारातली जागा अडते.